विरघळणारा दगड उभा कसा राहतो

अण्णा, मागच्या मंगळवारी मी त्या घळईत पुन्हा उतरले. माझे गुडघे आता कुरकुरतात, डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलंय, आणि मी बासष्टाव्या वर्षी दोन मुलींच्या खांद्यांवर भार टाकून, मधेमधे चक्क बसून घसरत, थेट नदीच्या पात्रापर्यंत गेले. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कॉलेजवाले सहलीला मला बोलावतात, कारण नव्या मॅडमना ऊन सोसत नाही आणि मला घरात बसणं सोसत नाही. खाली पोचले, मान वर केली, आणि काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूंना सरळ उभ्या राखाडी भिंती, थरावर थर, आणि वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी. इतक्या वेळा पाहिलंय तरी नजर खाली वळेना. मी मुलींना म्हटलं, हात लावा, हा समुद्राचा तळ आहे. कटनीच्या पलीकडे, जिथून समुद्र बघायचा तर आगगाडीत अख्खा दिवस मोडतो, तिथे एके काळी उथळ, कोमट समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ बसत गेला, शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांनी त्याच्या पातळ चटया विणल्या, चटईवर चटई, कोट्यवधी वर्षं. तो गाळ दाबला गेला आणि त्याची चुनखडी झाली. पुढे जमीन उचलली गेली, समुद्र गेला, नदी आली आणि नदीनं तो तळ चिरून आपल्यापुढे उघडा करून ठेवला. एवढं मी एका दमात बोलले आणि मग दम खायला एका धोंड्यावर बसले.

तेव्हा त्यांच्यातली एक बारकीशी, सगळ्यांच्या मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, लाइमस्टोन तो पानी में घुलता है ना? फिर ये इतना सीधा खड़ा कैसे है?" अण्णा, हाच तो प्रश्न! गेल्या एक्केचाळीस वर्षांत फार तर चार-पाच जणांनी मला हा आपणहून विचारला असेल. बाकीचे वहीत 'चुनखडी विरघळते' लिहितात, खाली रेघ मारतात आणि डबा उघडतात. मला इतका आनंद झाला की मी गुडघे विसरून उठले आणि तिला सगळं सांगितलं. एक दगड, त्यातली एक चीर, ॲसिडाची एक बाटली, थेंब-थेंब. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिनं विचारलं, हा प्रयोग कोणाचा होता? मी म्हटलं, माझा. दर वेळी हेच म्हणते. पण परतीच्या बसमध्ये बाकी सगळ्या गाण्याच्या भेंड्या खेळत असताना मी खिडकीशी बसून तुमच्याशी बोलत होते. घरी आले, अवधपुरीतल्या या फ्लॅटमध्ये, जिथून तुमच्या कारखान्याच्या शेड अजून दिसतात, चहा टाकला आणि वही काढली, पण लिहायला मात्र आज बसले.

तुम्हाला आठवतं का, बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये चहाच्या किटलीची तपासणी व्हायची? आई चहा गाळून झाला की किटली पालथी घालायची, आणि तुम्ही ती सुलटी करून, आत बॅटरी मारून पाहायचात. तळाशी पांढरी कड दिसली की तुमचा चेहरा पडायचा. कारखान्यात तुमचं काम बॉयलरच्या पाण्याचं. पाण्यातून क्षार बसतो, नळीच्या आत थर धरतो, थर धरला की उष्णता अडते, नळी तापते आणि फुटते. मला पाढे पाठ नव्हते तेव्हापासून हे पाठ होतं. क्षार हा तुमचा जन्माचा वैरी. आपण सांगलीहून आलेले, आईला पहिली दोन वर्षं इथलं पाणीच रुचलं नाही, डाळ शिजत नाही म्हणून ती रडकुंडीला यायची, आणि तुम्ही तिला समजवायचात की पाणी जड आहे, त्यात चुना आहे, त्याला आपण पुरून उरू. रविवारी सकाळी आपल्या मागच्या अंगणात रांग लागायची. कोणाची बादलीत घालायची पाणी तापवायची सळई, कोणाचं बंबाचं भांडं, कोणाचा पितळी नळ. तुम्ही साहेबांना विचारून आणलेलं पातळ ॲसिड काढायचात. त्यात कारखान्यात एक औषध मिसळत. ते असलं की ॲसिड क्षार खातं आणि लोखंडाला शिवत नाही. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, तुम्ही सगळे त्याला नुसतं 'दवा' म्हणायचात. सळईवरून फेस यायचा, चर्रर आवाज व्हायचा, आणि खालून लखलखीत धातू बाहेर आला की तुम्ही शेजारच्या मिश्राजींच्या हातात ती अशी द्यायचात जशी काही तुम्हीच ती घडवली आहे.

आणि अशा माणसाच्या पोटी मी, दगड गोळा करणारी. मी जिऑलॉजी घेतली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, पण जेवताना मुकाट्यानं दोन घास कमी खाल्लेत. तुमचं म्हणणं साधं होतं. कारखान्याच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या मुलींसाठी जागा निघत होत्या, टायपिंग झालेलं होतं, घरापासून सायकलवर दहा मिनिटं. हातोडी घेऊन रानोमाळ फिरणारी बाई तुम्ही उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. शेवटी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आपल्यात करार झाला. आमच्या विभागात त्या वर्षी घळईवर काम करायची एकच जागा होती, त्यासाठी आम्ही दोघं उमेदवार होतो, मी आणि वर्गातला एक अतिशय हुशार मुलगा. सरांनी दोघांना एकच प्रश्न दिला होता आणि सोमवारी उत्तर घेऊन यायला सांगितलं होतं. नदी तीच, पाऊस तोच. वरच्या अंगाला, जिथे शेल नावाचा मऊ, मातकट, पापुद्र्यांचा दगड आहे, तिथे दरी पसरट आहे. खाली चुनखडी लागली की तीच नदी उभ्या भिंतींच्या घळईतून जाते. असं का? आणि चुनखडी तर विरघळणारा दगड, मग तो उभा कसा? तुम्ही म्हणालात, जागा मिळाली तर कर काय करायचं ते, मी आडवा येणार नाही. नाही मिळाली तर मंगळवारी ऑफिसचा फॉर्म भरायचा. मी हो म्हटलं. एवढ्या ऐटीत म्हटलं, आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं, कारण उत्तर मला येत नव्हतं. पुस्तकात होतं तेवढं येत होतं आणि त्यानं कोडं सुटत नव्हतं.

घळईतून आणलेला तो एक दगड मी टेबलावर ठेवला होता. दोन विटांएवढा, राखाडी, आडव्या बारीक थरांचा, आणि वरपासून खालपर्यंत आरपार गेलेली एक बारीक चीर. त्या चिरेत पांढरा स्फटिक भरलेला, दोऱ्याएवढा जाड. तो दगड मी सरांना दाखवणार होते. काय सांगणार होते ते माहीत नव्हतं, पण हातात काहीतरी असावं म्हणून. शनिवारी सकाळी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले, आणखी काही सापडतं का बघायला. तुम्हाला दुपारची शिफ्ट होती. तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात, दगड उचललात, चिरेतली ती पांढरी रेघ पाहिलीत, आणि तुमच्या हाताला खाज सुटली. पोरीचा सोमवारी एवढा मोठा दिवस, आणि तिच्या दगडात क्षार बसलेला! बरं, तुम्ही काळजी घेतलीत, हे मला मान्य करायलाच हवं. दगड बुडवला नाहीत. बारीक फटीतला थर काढायचा तर थेंब-थेंब सोडायचं, ही तुमच्या खात्यातली रीत. मागच्या अंगणात मोरीच्या कट्ट्यावर दगड मांडलात, वर बाटली उलटी बांधलीत, बुचातून कापसाची वात काढलीत, थेंब बरोबर चिरेवर पडेल असं बेतलंत, ॲसिडात दवा आठवणीनं घातलीत, आणि आईला 'हात लावू नकोस, संध्याकाळपर्यंत साफ होईल' असं बजावून ड्यूटीवर गेलात.

मी चार वाजता आले. मोरीकडून तो ओळखीचा आंबूस वास आला आणि मी तिकडे धावले. बाटली रिकामी झाली होती. पांढरी रेघ गेली होती, आणि तिच्याबरोबर तिच्या दोन्ही अंगांचा दगडही गेला होता. जिथे दोऱ्याएवढी चीर होती तिथे बोट जाईल एवढी भेग पडली होती, वरपासून खालपर्यंत. दगड तळाशी एका कोपऱ्यात कसाबसा जोडलेला होता. आई पदरानं तोंड दाबून दारात उभी होती. मी तुमची वाट बघत अंगणात येरझारा घातल्या, आणि दहा वाजता तुमची सायकल फाटकाशी लागली तेव्हा तुम्हाला चप्पल काढायचीही सवड दिली नाही. तुम्ही दगड पाहिलात आणि गांगरलात. म्हणालात की दवा घातली होती, दगडाला काही व्हायला नको होतं. मी म्हटलं, दवा लोखंडाला वाचवते अण्णा, यात लोखंड कुठंय? हा सगळाच क्षार आहे, आतून-बाहेरून, सगळा. आणि मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. बाकीचं विसरले, पण हे वाक्य विसरले नाही, आणि तुम्हीही विसरला नसाल:

"आयुष्यभर नळ्या घासल्यात, म्हणून सगळं जग तुम्हाला नळीच दिसतं."

तुमचा डबा तसाच हातात होता. आईनं तो काढून घेतला आणि मला म्हणाली की जेवून घे, आणि तुम्ही हात न धुताच पाटावर बसलात, ते मी पहिल्यांदा पाहिलं. माझी चूक झाली हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मी कसली माघार घेते! मी गाल फुगवून तुमच्यासमोर वरण-भात जेवले.

रविवारी सकाळी रांग लागलीच होती. मिश्राजी सळई घेऊन आले, तुम्ही त्यांना पुढच्या रविवारी या म्हणालात, जे तुम्ही कधी कोणाला म्हटलं नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही बनियनवर कट्ट्याशी उकिडवे बसलात. दगड उचललात, भेगेतून पलीकडचा उजेड पाहिलात. तांब्यातून त्यावर पाणी ओतलंत. पुन्हा ओतलंत. मग आईच्या कुंडीतली ओली माती काढून तिचा दगडाएवढाच गोळा केलात, चमच्यानं त्यात तशीच एक फट पाडलीत आणि तिच्यावरही पाणी ओतलंत. आई आतून ओरडली की तुळशीची माती आहे ती. तुम्ही ऐकलं नाहीत. मग मला हाक मारलीत, 'पोरी, जरा ये.' तुमच्या आवाजात राग नव्हता, अण्णा, आवाज चढलेला होता तो दुसऱ्याच कशानं तरी. मी आले, मुद्दाम सावकाश.

तुम्ही मला दाखवलंत. मातीच्या गोळ्यावर पाणी ओतलं की ते अंगावरून वाहतं, फटीच्या कडा ढासळतात, आणि दोन तांब्यांत तिची पसरट दरी होते. दगडावर ओतलं की पाणी अंगावरून वाहतच नाही, ते फटीत शिरतं आणि खालून निघून जातं. कडेला वरच्या अंगाला हात लावून पाहा, कोरडा. ॲसिडानं दगड खाल्ला हे खरं, पण जिथून ते गेलं तिथेच खाल्ला. जिथे शिवलं नाही तिथे थर जसेच्या तसे. तुम्ही भेगेच्या भिंतीवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात,

"विरघळतो म्हणूनच उभा राहतो हा. पाणी आत घेतो, अंगावर घेत नाही."

एक्केचाळीस वर्षांत मी घळईवर जे काही लिहिलं, शिकवलं, परिषदांत तावातावानं भांडले, त्याचा कणा हे वाक्य आहे. बाकी सगळं मी भरलंय. चुनखडी मुळात टणक असते, म्हणून भिंत स्वतःचा भार पेलते. तिच्यातल्या चिरा बहुतेक उभ्या असतात, म्हणून पाण्यानं चीर रुंद केली की कड उभीच सुटून पडते, उतरती होत नाही. पावसाचं पाणी हवेतून येताना आणि मातीतून झिरपताना सोड्याच्या पाण्यासारखं किंचित आंबट होतं, तेच निसर्गाचं पातळ ॲसिड, आणि त्याला तुमच्यासारखी ड्यूटी संपायची घाई नसते. काही ठिकाणी ते आतल्या आत एवढं खातं की आधी गुहा होते, मग तिचं छत कोसळतं आणि वरून घळई उघडते. जिथे पाऊस अगदी कमी, तिथे खाणारं पाणीच नसतं, म्हणून तिथे चुनखडी घळईतली सगळ्यात उंच, सगळ्यात ताठ भिंत होते. हे सगळं मी पुढे शिकले. त्या सकाळी मात्र तुम्ही एका हातात तांब्या आणि एका हातात माती घेऊन बसला होतात आणि तुमचे डोळे चमकत होते. मला म्हणालात, म्हणजे तो तिकडचा अख्खा डोंगर क्षाराचा? मी म्हटलं, हो, आणि एवढाच नाही, असे शेकडो मैल. तुम्ही कट्ट्यावर मागे रेललात आणि पोट धरून हसलात. इतके हसलात की आई बाहेर आली. तुम्ही तिला म्हणालात, अगं, मी इथे किटल्या घासतोय आणि वर बसलेल्यानं समुद्राची किटली घासलीच नाही कधी! आईला काही कळलं नाही, पण तुम्ही हसताय म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. मी वही आणायला आत पळाले.

सोमवारी तो दगड मी कापडी पिशवीत, मांडीवर तान्ह्यासारखा धरून टेम्पोतून नेला. त्या हुशार मुलानं पुस्तकातलं उत्तर सुंदर इंग्रजीत सांगितलं. मी दगड टेबलावर ठेवला, कुंडीतली माती ठेवली आणि सरांकडे तांब्याभर पाणी मागितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वतः दोनदा पाणी ओतून पाहिलं. टेबलावरचे कागद भिजले तरी त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ये तुमने सोचा? आणि मी म्हटलं, जी सर, मैंने खुद किया. जीभ जरासुद्धा अडखळली नाही, अण्णा. मी मनात म्हटलं, बॉयलरच्या माणसानं चुकून केलं असं सांगितलं तर ते हसतील. खरं म्हणजे ते हसले नसते. ते तसले नव्हते.

जागा मला मिळाली. तुम्ही शब्द पाळलात, फॉर्मचा विषय काढला नाहीत. उलट महिना-दीड महिन्यानं, आमचा तंबू घळईशी पडला होता, तेव्हा एका रविवारी तुम्ही अचानक उगवलात. कटनीपर्यंत रेल्वेनं, पुढे चुन्याच्या भट्टीवर जाणाऱ्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे! तुमचा वैरी तुमच्या भुवयांवर बसला होता आणि तुमच्या काखोटीला आईनं दिलेल्या दशम्यांचा डबा. माझ्या बरोबरच्या मुली हसू दाबत होत्या. मी लाजले, हेही सांगून टाकते. आणि तेवढ्यात सर पुढे आले, तुमचा चुन्यानं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आपकी बेटी ने पत्थर पर जो प्रयोग किया है ना, मैंने पच्चीस साल में नहीं देखा।"

मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही एकदा वळून माझ्याकडे पाहिलंत, फार नाही, पापणी लवेपर्यंत. मग सरांकडे वळून आपल्या त्या सांगलीच्या हिंदीत म्हणालात, "हाँ साब, ये बचपन से ऐसीच है।"

संपलं. तुम्ही धोतराचा काचा मारून घळईत उतरलात, माझ्या पुढे, आणि तीन तास मला प्रश्नांनी भंडावून सोडलंत. भिंतीला हात लावून विचारलंत की हा थर आधीचा की वरचा. मी म्हटलं, खालचा आधीचा, किटलीत असतो तसा. विचारलंत की ही घळई दगडाएवढीच जुनी का. मी म्हटलं, छे, दगड शंभर कोटी वर्षांच्या घरातला, घळई त्यापुढे अगदी अलीकडची, कालचं पोर. तुम्ही हे दोनदा विचारून पक्कं केलंत. मग बोटांवर मोजत म्हणालात, आधी साठला, मग उचलला, मग चिरला. तीन कामं, तीन शिफ्ट. मी आजही पहिल्या तासाला फळ्यावर हेच तीन शब्द लिहिते. निघताना ट्रक येईपर्यंत तुम्ही खिशात दोन खडे टाकलेत आणि मला विचारलंत, चोरी तर नाही ना होत?

नंतर तुम्ही काय केलंत ते मला आईकडून कळत गेलं. गणपतीत मराठी मंडळात, शिफ्ट बदलताना फाटकाशी, मिश्राजींच्या अंगणात, तुम्ही सांगत सुटलात की आमच्या मुलीनं दगडावर ॲसिड सोडून घळई करून दाखवली. बाटली तिनं कशी उलटी बांधली, वात कशी काढली, थेंब कसा नेमका बेतला. सगळे बारकावे बरोबर, फक्त माणूस बदललेला. दर वेळी माझी हुशारी थोडी वाढायची. मला ऐकू आलं की मी तिथून निसटायचे. मी समजत होते की तुम्ही मला सांभाळून घेताय, सरांसमोर घेतलंत तसं, आणि एकदा ठरवल्यावर शेवटपर्यंत निभावताय. केवढा मोठा माणूस, असं वाटायचं. तुम्ही गेलात त्याला तेवीस वर्षं झाली, तेरावं होईस्तोवर कारखान्यातली माणसं घरी येत होती, आणि त्यांतल्या तिघांनी मला तोच किस्सा ऐकवला. मी मान डोलवली.

पण मंगळवारी बसमध्ये मला भलतंच सुचलं आणि तेव्हापासून चैन नाही, म्हणून तर एवढं लिहिते आहे. वर रविवारचं सगळं लिहिलं, पण तुम्ही ते वाक्य बोलल्यावर मी काय म्हणाले ते लिहायचं टाळलं. तुम्ही अंगठा दगडावर ठेवून माझ्याकडे बघत होतात, बरोबर की चूक ते मी सांगायची वाट बघत. आणि मी, आदल्या रात्री तसं बोललेली मी, म्हणाले, "ते मला माहीतच होतं." तुमचा चेहरा पडला नाही. उलट उजळला. तुम्ही म्हणालात, "असणारच. तू शिकलेली." तुम्ही ते खरं मानलंत, अण्णा. म्हणजे सरांसमोर तुम्ही माझ्या खोट्यावर पांघरूण घातलंच नव्हतं. तुमच्या लेखी तुम्ही फक्त एक चांगला दगड खराब केला होता, आणि त्यातलं उत्तर पहिल्यापासून माझं होतं. गावभर तुम्ही खोटं सांगत नव्हतात. तुम्हाला मरेपर्यंत वाटत राहिलं की आपल्या हातून एक चूक झाली आणि पोरीनं ती सावरली.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, वहीतच राहील. त्या बारक्या मुलीचा फोन नंबर माझ्याकडे आहे, तिला उद्या सांगेन म्हणते, पण उद्याचं उद्या. तुम्हाला मात्र आज सांगते. मला माहीत नव्हतं, अण्णा. तुम्ही बोलेपर्यंत मला काहीही माहीत नव्हतं.